चौदा वाव पाणी

बोईसर
१२ ऑक्टोबर २०२४

चि. अनुज यास,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजखाली दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून पत्र. मस्कतला पोचायला अकरा ते चौदा दिवस लागतात असं पोस्टातला माणूस म्हणाला. मी अकरा धरतो.

पिक्चर लागला. गेल्या रविवारी औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी इथे बोईसरला खास खेळ ठेवला होता, कारण लेखक वसाहतीतला. मला नारळ दिला, शाल दिली. दहावी नापास माणूस, लेथवर पंधरा वर्षं काढून आता तपासणी विभागात मायक्रोमीटर धरून बसतो, त्याच्या कादंबरीवर हिंदी पिक्चर निघतो, असं सूत्रसंचालक तीनदा म्हणाला. दोनदा म्हणाला असता तरी चाललं असतं.

पुस्तक तू वाचलंस हे मला ठाऊक आहे, त्यानंतरच तू बोलणं टाकलंस. तरी पिक्चरची गोष्ट सांगतो, कारण थोडी बदलली आहे. एक कादंबरीकार एकांत हवा म्हणून परदेशात, पोर्तुगालकडच्या एका बेटावर जातो. कोळ्यांच्या धक्क्याजवळ घर भाड्याने घेतो. कपाटात त्याला एक पत्र्याची डबी सापडते. आत भाताचे सात दाणे आणि लहान मुलाचा दुधाचा दात. तो शोध घेत जातो. कळतं की बोटीवरचा एक परका खलाशी नाहीसा झाला होता. तो दुसऱ्या बंदरावर उतरून गेला असं दोन भावांनी सांगितलेलं असतं. खरं म्हणजे धाकट्याने नांगर फेकताना दोराच्या वेटोळ्यात त्याचा पाय गेलेला असतो, आणि प्रेत बुडवलेलं असतं. शेवटी धाकटा कड्यावरून उडी मारतो. पुस्तकात तो मारत नाही. उडी दिग्दर्शकाची.

चुका मी वहीत उतरवल्या. एकतीस भरल्या. दोराचं वेटोळं उलट्या बाजूने घातलंय. वारा डावीकडून आणि शीड उजवीकडून फुगलंय. त्या बेटावर बोंबील मिळत नाहीत, यांनी मागे मांडवावर टांगलेत. आपल्याकडे नांगर सोडणारा "पाय?" असं ओरडतो आणि सगळ्यांकडून "मोकळा!" आल्याशिवाय सोडत नाही, ते मात्र मी ठेवायला लावलं. दिग्दर्शक म्हणाला, परदेशात असं कोण म्हणतं? मी म्हटलं, माझ्या बोटीवर म्हणतात.

एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आली. डबी. झाकणावर खिळ्याने ओरखडून काढलेली बाई, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर डोकं. एक हात आहे, दुसरा काढताना खिळा घसरलाय. कॅमेरा तिच्यावर अकरा सेकंद थांबतो. वर्तमानपत्रात आलं की या डबीतून लेखकाच्या कल्पनाशक्तीची झेप दिसते. कात्रण सोबत जोडलं आहे.

नेमक्या त्या अकरा सेकंदांत तिसऱ्या रांगेतली एक बाई उठून निघून गेली. लोकांना पिक्चर बघायची शिस्त नाही.

दसऱ्याचा पेढा द्यायला आज सातपाटीला गेलो होतो. तुझी हिमानी ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. पेढा घेतला नाही. म्हणाली, "भावजी, पिक्चरमदी तुमी देव झालात, न् आमचे हे खुनी. गावात बाया मला विचारतात, तुजा नवरा म्हणून मस्कतला पलाला का? काय सांगू?" मी म्हटलं, ती कादंबरी आहे. ती म्हणाली, "मंग धाकट्याला कशाला मारलात? मोठा मारायचा होता."

उत्तर द्यायला मी थांबलो नाही. बस होती.

आता काम. नवी आवृत्ती निघतेय. एक तपशील हवा आहे. त्या दिवशी आपली होडी नेमकी कुठे होती? जमिनीवरची कोणती खूण कोणत्या खुणेखाली होती आणि पाणी किती वाव खोल होतं? सुकाणू तुझ्याकडे होतं. पुस्तकात मी खुणा कल्पनेने घातल्यात आणि ते मला खटकतं. बाकी काही नाही.

कमलाकांत मेहेर
(लेखक)


बोईसर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. अनुज,

पहिलं पत्र अजून वाटेत असेल. तरी दुसरं.

तिसऱ्या रांगेतली बाई भेटायला आली. परवा, पहिली पाळी सुटल्यावर, तीन वाजून दहा मिनिटांनी, आमच्या गेटबाहेर. वय तिशीचं. वसाहतीतच एका औषधांच्या कंपनीत बाटल्यांच्या पॅकिंगला आहे. नाव स्नेहा. राहते कासा बाजूच्या पाड्यावर, आईबरोबर. रोज कंपनीच्या बसने येते, दीड तास.

म्हणाली, "तुमीच काय रायटर काका?"

मी हो म्हटलं. मला वाटलं सही हवी असेल. पेन काढलं.

"ती डबी तुमाला कुठं मिळाली?"

मी सांगितलं, डबी कल्पनेतली आहे. वस्तू बनवणारे लोक असतात पिक्चरमध्ये, ते बनवतात.

"आन बाय? झाकनावरची?"

ती पण, म्हटलं.

ती हसली. हसली म्हणजे दात दिसले, एवढंच. म्हणाली, "दुसरा हात काडताना माझ्याकडून खिळा घसरला. मी रडले. आबा म्हनला, ऱ्हाऊ दे, एका हाताची बाय लई काम करते."

मी पेन खिशात ठेवलं. कोणत्या खिशात ते आठवत नाही. संध्याकाळी ते पँटच्या खिशात सापडलं, आणि मी पेन कधीच तिथे ठेवत नाही.

मी पुन्हा म्हटलं, योगायोग असेल.

"दात पन?" ती म्हणाली. "माझा पैला दात, काका. नव्याला, नव्या भाताच्या सनाला, आबा घरी आला होता तवा पडला. छपरावर उंदराला टाकतात, तर म्हनला, आता नको, दिवालीला येतो तवा मी टाकीन, मी उंच टाकतो. आन डबीत घातला, नव्या भाताच्या सात दान्यांबरोबर." मग म्हणाली, "पिक्चरच्या सुरवातीला नाव आलं, मेहेर. आबा मेहेरांच्याच होडीवर होता, सातपाटीला."

मी म्हटलं, सातपाटीत मेहेर पुष्कळ आहेत. खरं आहे ते. मोजले तर शंभरावर घरं निघतील.

ती वाद घालत बसली नाही. बसचा हॉर्न वाजला तेव्हा म्हणाली, "आई दर वर्साला नव्याच्या दिवशी त्याच्या नावाचं एक पान वाडते. तेवीस वर्सं. लोक म्हनतात, वेरावळला दुसरं घर केलं त्यानं. माझ्या सासरी पन हेच म्हनले, बापानं टाकलेली. तो मेला आसंल तर मेला म्हना. पान बंद करता येईल. त्याचं दिवस करता येतील. दुसरं काय नको."

बस गेली.

हे तुला का लिहितो? तुला ठाऊक असावं म्हणून. तिने आणखी कोणाला सांगितलेलं नाही, असं तिच्या बोलण्यावरून वाटलं.

होडी कुठे होती ते कळव. आवृत्तीची घाई आहे.

कमलाकांत


बोईसर
२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

अनुज,

आवृत्ती वगैरे काही निघत नाहीये. ते सोडून दे.

डबी खरी आहे, स्नेहाच्या आबाची, जिवल्याची. तुला वाटलं असेल बाबांनी जिवल्याच्या गाठोड्याबरोबर तीही पाण्यात टाकली. नाही. दोर ठेवायच्या फळीखाली ती पडली होती, मी उचलली. तेवीस वर्षं माझ्या कपाटात होती, सुताच्या फडक्यात. पिक्चरवाल्यांनी वर्णनावरून नवी डबी बनवली. झाकण आटे पाडून फिरवायचं, पत्रा चकचकीत, बाईला दोन्ही हात. मी म्हटलं हे चुकीचं आहे. ते म्हणाले, काका, पडद्यावर कोणाला कळणार? मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी घरून डबी नेली आणि कॅमेऱ्यापुढे ठेवली. दाण्यांसकट, दातासकट. दिग्दर्शक म्हणाला, कमाल आहे, कुठून आणली? मी म्हटलं, मीच बनवली.

एवढ्या एका शॉटसाठी. अकरा सेकंद.

शूटिंग संपल्यावर परत आणली. २९ तारखेला ती घेऊन पाड्यावर गेलो. मुद्दाम तो दिवस धरला नाही, त्या दिवशी बदली रजा मिळाली. कासा नाक्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा, मग पायी वीस मिनिटं. घराला आता सिमेंटचे पत्रे आहेत. अंगणातून महालक्ष्मीचा सुळका सरळ समोर दिसतो, हात लांब केला तर लागेल असा.

जमना, जिवल्याची बायको, भात झोडत होती. मला ओळखलं नाही. मी तिला ओळखलं. तेव्हा सातपाटीला आली होती, मुलगी हाताशी, आणि बाबा ओट्यावरून म्हणाले होते, "तो वेरावळला उतरला, पोरी. आगाऊ उचल घेऊन गेला." मी आत जेवत होतो. माकल्यांचं कालवण होतं. ताट पूर्ण संपवलं.

डबी तिच्या हातात दिली. तिने झाकण उघडलं नाही. बोट फिरवलं त्या बाईवरून. स्नेहा घरात होती, दिवाळीची सुट्टी लागली होती तिला. तिने उघडलं. दाणे मोजले. सात.

मग मी सांगितलं. उभ्यानेच, कारण बसा असं कोणी म्हटलं नाही. जसं घडलं तसं, क्रमाने. तुलाही लिहितो, कारण गेली सहा वर्षं पुस्तकातलं वाचून तुझं स्वतःचं आठवणंही बदललं असेल. माझं बदलायला लागलं होतं.

२९ ऑक्टोबर २००१, सोमवार. सकाळी नऊ वीस. होडीवर चौघे. बाबा जाळ्यावर, तू सुकाणूवर, जिवल्या मध्ये दोर सांभाळत, मी पुढे नाळीवर नांगर घेऊन. तू एकोणीस वर्षांचा. मी सत्तावीसचा. मी ओरडलो, "पाय?" आणि त्याच श्वासात नांगर सोडला. तीन महिने रोज तेच विचारायचो, तीन महिने रोज "मोकळा" यायचं. उत्तर ठाऊकच होतं म्हणून मी थांबलो नाही. जिवल्या खाली वाकून काहीतरी शोधत होता. आता कळतं, डबी शोधत असणार, कारण ती फळीखाली सरकली होती.

वेटोळ्याने पाय ओढून त्याला खाली नेलं; दोर वर घेतला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. बाबा म्हणाले, याचं नाव बोटीच्या कागदांत नाही. बाबा म्हणाले, हंगाम जाईल, होडी जाईल, पोर आत जाईल. पोर म्हणजे मी. मग म्हणाले, "ज्याच्या हातनं झालं, त्यानं तोंड फिरवा." मी फिरवलं. नाळीकडे तोंड करून उभा राहिलो आणि पाणी बघत बसलो. मागे तू आणि बाबा. पाण्याचा आवाज आला. मग इंजिन.

म्हणून जमिनीवरच्या खुणा मी बघितल्या नाहीत. मला फक्त पाणी माहीत आहे.

तीन महिन्यांनी तू मस्कतला गेलास. मी होडी सोडून बोईसरला आलो, आणि लिहायला शिकलो. पुस्तकात नांगर तुझ्या हातात दिला. तू सांगणार नाहीस याची खात्री होती. स्वतःला मी कादंबरीकार केलं, परदेशातून आलेला, एकटा, हुशार, सगळं शोधून काढणारा. मी कधी सुरतेच्या पलीकडे गेलेलो नाही.

जमनाने सगळं ऐकलं. ओरडली नाही. मला वाटलं होतं मारतील. ती म्हणाली, "पाय इचारला, न् थांबला नाय."

हो, म्हटलं.

"किती थांबाया लागतं?"

मी म्हटलं, उत्तर येईपर्यंत.

स्नेहा म्हणाली, "आता काय करनार तुमी?" मी म्हटलं, पोलिसांत जातो, सगळं लिहून देतो. ती म्हणाली, "जाल ते जाल. आदी त्याचं दिवस. मंग चौकी." आणि जमनाने विचारलं, कुठे आहे तो? कुठल्या पाण्यात? भगत म्हणतो, जागा कळल्याशिवाय बोलावता येणार नाही त्याला.

मी तिच्यापुढे उभा होतो आणि मला ठाऊक नव्हतं. एकतीस चुका काढणारा माणूस. ती वाट बघत राहिली. मी म्हटलं, माझ्या भावाला ठाऊक आहे.

बाबा बारा वर्षांपूर्वी गेले. आता तो तपशील जगात एकट्या तुझ्याकडे आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाहीये. फक्त खुणा दे.

कमलाकांत


बोईसर
१९ नोव्हेंबर २०२४

अनुज,

हिमानीचा काल फोन आला. तू तिला पाठवलेला मेसेज तिने वाचून दाखवला. मी तो वहीत उतरवला आणि तिला परत वाचायला सांगून ताडून घेतला:

"सुळक्याच्या पोटात तारापूरची चिमणी. चौदा वाव. दोर मी बांधला होता. पोलिसांत देशील त्यात ते पण लिही. जानेवारीत येतो."

नांगर कोणाच्या हातात होता ते मी तिला सांगितलं. मग म्हणाली, "म्हनजे मोठाच होता." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "भावजी, तुमी पेढे घेऊन आलावतात." आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी पुन्हा केला. म्हणाली, होडी आमचीच घ्या. दुसऱ्या कुणाची घ्याल तर गावभर विचारतील. एक तारखेच्या रविवारी सकाळी पाणी भरायला लागलं की निघायचं. "आन त्या बायेला सांगा, पोटात काय तरी घालून ये. रिकाम्या पोटी दर्या लागतो."

स्नेहाला कळवलं. ती विचारत होती, सुळका म्हणजे कुठला? मी म्हटलं, तुमच्या अंगणातला.

निवेदन लिहायला घेतलं आहे. चार पानं झाली. त्यात एकही उपमा नाही.

दादा


सातपाटी
२ डिसेंबर २०२४

अनुज,

काल जाऊन आलो. क्रमाने लिहितो, एक गोष्ट सोडून. ती शेवटी.

सहा चाळीसला निघालो. सुकाणूवर हिमानीचा भाऊ मेहुल. हिमानी, जमना, स्नेहा, भगत आणि मी. जमना पहिल्यांदाच समुद्रावर आली. बसली ती होडीच्या मधोमध, फळी दोन्ही हातांनी धरून. हिमानीने तिच्या तोंडात लवंग दिली आणि म्हणाली, "लांब बघ, खाली बघू नको." नंतर दोघी काय बोलल्या ते इंजिनात ऐकू आलं नाही. एकदा हिमानीने पदराने नाक पुसलं.

मेहुलकडे पडद्यावर खोली दाखवणारं यंत्र आहे. तरी मी शिसं बांधलेली दोरी घेतली होती. यंत्राने चौदाच्या जरा वर दाखवलं, दोरीने बरोबर चौदा. मी दोरी धरली.

आठ पाचला तारापूरच्या वीजकेंद्राची चिमणी सरकत सरकत सुळक्याखाली गेली. हवा स्वच्छ होती. तुझ्या खुणा एका केसाने चुकल्या नाहीत. तेव्हा तुझं वय एकोणीस होतं, आणि तरी तू मान वर करून खुणा घेतल्यास. मी पूर्ण दिवस हाच विचार करतोय. पुस्तकात तुझ्याबद्दल हे कुठेच आलेलं नाही.

भगताने जिवल्याला नावाने हाक मारली. मोठ्याने, आपण लांबच्या होडीला मारतो तशी. जमनाने पळसाच्या पानावर यंदाचा भात आणला होता. पान पाण्यावर सोडलं. त्यावर डबीतले सात दाणे. पान बराच वेळ बुडलं नाही, मग दिसेनासं झालं. दात स्नेहाने परत नेला. पत्र्यावर कोण टाकणार ते त्यांचं अजून ठरलेलं नाही.

जमना जमिनीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "हतून सुळका दिसतो."

मी म्हटलं, दिसतो.

"मंजे तेला दिसत व्हता. रोज."

मी म्हटलं, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी. मग वाटलं, हे म्हणायची गरज नव्हती. पण तिने मान हलवली. म्हणाली, "आमाला पन हवा आसली तरच दिसतो."

उद्या अकरा वाजता पोलीस ठाण्यात जातो. निवेदन सहा पानांचं झालं. तुझं वाक्य तुझ्याच शब्दांत घातलं आहे. डबी त्यांना लागेल तर ती स्नेहाकडे आहे असं लिहिलंय. कंपनीत राजीनामा दिला. मायक्रोमीटर जमा केला, पावती घेतली. हिंदी पिक्चरवाल्यांना पत्र टाकलं की डबी मी बनवलेली नाही.

आता ती एक गोष्ट.

खुणा जुळल्यावर होडी थांबवायची होती, म्हणजे नांगर टाकायचा होता. मेहुल उठला. मी म्हटलं, मला दे. तेवीस वर्षांनी हातात घेतला. नाळीवर उभा राहिलो. दोराचं वेटोळं मागे पसरलं होतं आणि त्याच्याभोवती सगळे बसले होते.

मी ओरडलो, "पाय?"

हिमानीने म्हटलं, मोकळा. मेहुलने म्हटलं. भगताने काय ते समजून दोन्ही पाय वर घेतले आणि म्हटलं. स्नेहाने खाली बघितलं, मग म्हटलं.

जमना बोलली नाही. दोर तिच्यापासून हातभर लांब होता, मला दिसत होतं. ती माझ्याकडे बघत होती. नांगर जड होता, पाणी वाहत होतं, चिमणी सुळक्याखालून सुटायला लागली होती. मेहुल म्हणाला, "काका, जागा जाते." मी तसाच उभा राहिलो.

मग ती म्हणाली, "हाय मोकळा."

मी नांगर सोडला.

मधे किती वेळ गेला ते तू विचारशील. मी मोजला नाही.

दादा